पॉइंटचा दर पाटीवर लावा

क्रेडिट कार्डाच्या ॲपमध्ये ‘रिवॉर्ड्स’ उघडलं की एक आकडा दिसतो. समजा, १८,४००. त्याच्या पुढेमागे ना चलनाचं चिन्ह, ना ‘म्हणजे अमुक इतकी रक्कम’ अशी एखादी ओळ. खात्यातली शिल्लक दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारी बँक इथे नुसता आकडा टेकवून गप्प बसते. हे १८,४०० म्हणजे नक्की किती, हे कळायला आधी ते खर्च करायला निघावं लागतं. आणि निघालं की कळतं, उत्तर एक नाहीच. बिलात वळते केले तर एक भाव, व्हाउचर घेतलं तर दुसरा, कॅटलॉगमधली बॅग किंवा हेडफोन मागवला तर तिसरा. विमान कंपनीकडे पाठवले तर चौथा, आणि तोसुद्धा कुठल्या दिवशीच्या कुठल्या विमानात बसता त्यावर अवलंबून. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या मार्गात दुपटी-तिपटीचा फरक सहज पडतो.

या फरकावर एक अख्खी विद्या उभी राहिली आहे. कुठले पॉइंट कुठल्या विमान कंपनीकडे पाठवायचे, बोनस कधी लागतो, कुठल्या मार्गावर आसनं कधी मोकळी होतात, हे तोंडपाठ असलेली माणसं आहेत आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला कौतुकच आहे. पण पॉइंट योग्य भावात सुटावेत म्हणून सामान्य कार्डधारकाला या विद्येचं शिष्यत्व पत्करावं लागतं, ही कौतुकाची गोष्ट नाही. पॉइंट हा कुणी खूश होऊन हातावर ठेवलेला खाऊ नव्हे. तो किमतीचाच एक भाग आहे, आणि ती किंमत आपण, आपल्याबरोबर इतरांनीही, आधीच मोजलेली आहे. ज्याची किंमत मोजली त्याचा दर लपलेला का असावा?

दर कुणी सांगत नाही तोवर तो आपणच काढायचा, आणि तो काढताना बहुतेक जण एका ठरावीक जागी फसतात, म्हणून आधी तो हिशेब पाहू. चलन कुठलंही धरा. एका तिकिटाचा रोखीचा भाव ९,००० आहे. तेच पॉइंटांवर घेतलं तर १५,००० पॉइंट जातात आणि वर कर-शुल्काचे १,५०० भरावे लागतात. म्हणजे वाचले ७,५००. त्याला १५,०००ने भागलं की एका पॉइंटला ०.५० भाव मिळाला. बिलात वळते करायचा दर ०.२५ असेल तर तिकीट उघडच दुप्पट फायद्याचं. पण ९,००० हा आकडा आला कुठून? त्याच दिवशी, सोयीच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं विमान ६,५०० ला मिळत असेल आणि एरवी तुम्ही तेच घेतलं असतं, तर वाचले फक्त ५,०००, आणि भाव उतरला ०.३३वर. शिवाय रोखीने घेतलेल्या तिकिटावर थोडे पॉइंट आणि मैल (म्हणजे विमान कंपनीचे स्वतःचे पॉइंट) नव्याने जमा झाले असते, तेही गेले. तरी बिलापेक्षा बरंच, पण दुप्पट वगैरे काही नाही.

खरी गंमत पुढच्या वर्गात आहे. बिझनेस क्लासचं तिकीट रोखीने ४०,०००, पॉइंटांवर ३०,००० पॉइंट अधिक ४,००० शुल्क. भागाकार करा: ३६,००० भागिले ३०,०००, म्हणजे पॉइंटला १.२०. बिलाच्या दराच्या जवळजवळ पाचपट! असेच आकडे मिरवले जातात. आता दुसऱ्या बाजूने मोजा. तुम्ही ४०,००० कधीच देणार नव्हता, साध्या वर्गाचं ९,०००चं तिकीट काढणार होता. ते ३०,००० पॉइंट बिलात वळते केले असते तर ७,५०० सुटले असते, आणि साधं तिकीट खिशातल्या १,५००त पडलं असतं. त्याऐवजी तुम्ही ४,००० दिले. म्हणजे ती रुंद खुर्ची तुम्हाला फुकट मिळाली नाही आणि तिच्यात ३६,००० वाचलेही नाहीत. ती २,५०० जादा मोजून मिळाली. रात्रभराच्या प्रवासाला २,५००त आडवं झोपायला मिळणं हा झकास सौदा असेल, मी स्वतः तो आनंदाने करेन. पण प्रश्न ‘पॉइंटला १.२० भाव मिळतोय का’ हा नाही, ‘या खुर्चीसाठी मी २,५०० जादा देईन का’ हा आहे. पहिल्या प्रश्नाने माणूस स्वतःवर खूश होतो, दुसऱ्याने शहाणा होतो.

बाकीचं थोडक्यात. कॅटलॉगमधल्या वस्तू बहुधा सगळ्यात वाईट: वस्तूचा भाव फुगवलेला आणि पॉइंटचा दर पाडलेला, अशी दुहेरी कात्री. ‘थोडे पॉइंट, थोडे पैसे’ अशी सरकपट्टी दिसली तर ती सरकवण्याआधी भागाकार करावा. विमान कंपनीकडे किंवा हॉटेलकडे पाठवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत, त्यामुळे आसन डोळ्यांनी दिसेपर्यंत ते हलवू नयेत. काही बँका पॉइंट वापरण्यावरही वेगळं शुल्क लावतात, थोडे पॉइंट वापरताना ते विशेष टोचतं. आणि बिलाची थकबाकी पुढे ढकलायची सवय असेल तर हे सगळं विसरा. वर्षाला २० टक्के व्याज, जे बऱ्याच देशांत कार्डाच्या व्याजाच्या मानाने सौम्यच म्हणायचं, म्हणजे महिन्याला दीड टक्क्याहून अधिक. खर्चावर एक-दीड टक्का परत देणाऱ्या कार्डाची कमाई एका महिन्याच्या थकबाकीत साफ होते. अशा माणसाने पॉइंट कुठल्या भावात सोडवले याला काडीचा अर्थ नाही.

साठवणुकीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण मूळ प्रश्न तिथे उघडा पडतो. पॉइंटांवर व्याज मिळत नाही हे सर्वांना माहीत असतं. पण त्यांचा दर एकतर्फी बदलता येतो, आणि तो बदलला की जुने, आधीच कमावलेले पॉइंटही नव्याच दराने मोजले जातात, हे ध्यानात राहत नाही. पूर्वी विमान कंपन्या तक्ते छापत: या प्रदेशातून त्या प्रदेशात इतके मैल. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने २०१५ मध्ये असा तक्ता आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला, तिथल्याच युनायटेडने २०१९ मध्ये. आता मैलांतला भावही रोखीच्या भावासारखा रोज हलतो. तक्ता असताना ग्राहकाला निदान म्हणता येत होतं की काल ५०,००० लागायचे, आज ६०,००० लागतात, भाव वाढवलात. तक्ताच नसेल तर वाढला काय आणि घटला काय, बोट दाखवायला जागा कुठे उरली?

कंपन्यांचा युक्तिवाद असतो की पॉइंटला ठरावीक पैशातली किंमत सांगताच येत नाही, वापरावर अवलंबून आहे. मलाही हे एकेकाळी पटण्यासारखं वाटायचं. पण २०२० साल आठवा. महासाथीत विमानं जमिनीवर होती, कंपन्यांना रोख हवी होती, आणि तारण ठेवायला विमानांपेक्षा जास्त मोलाचं काहीतरी त्यांच्याकडे निघालं: मैलांच्या योजना. डेल्टाने स्कायमाइल्स तारण ठेवून ९ अब्ज डॉलर उभे केले. युनायटेडने आपल्या मायलेजप्लसचं मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर असल्याचं कर्ज देणाऱ्यांना सांगितलं. त्या वेळी बाजारात अख्ख्या युनायटेड कंपनीच्या शेअर्सची मिळून तेवढी किंमत नव्हती. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने एएअ‍ॅडव्हांटेज सुरू केलं तेव्हा मैल ही नेहमीच्या प्रवाशाला धरून ठेवायची युक्ती होती. चार दशकांत ती बँकांना मैल विकायचा असा धंदा झाली, की विमान उडवणं हा त्याच्या मानाने जोडधंदा वाटावा. सावकार समोर आला की मैलांचं मूल्य अब्जांत मांडता येतं. ग्राहक समोर आला की मात्र ते ‘सांगता येत नाही’.

हिशेबाच्या वह्यांतही तेच. विक्रीसोबत पॉइंट दिले तर मिळालेल्या पैशातला काही भाग त्या पॉइंटांच्या नावे वेगळा काढायचा आणि ते वापरले जाईपर्यंत किंवा बुडेपर्यंत तो उत्पन्न म्हणून दाखवायचा नाही, असं २०१८ पासून लागू असलेलं आयएफआरएस १५ हे आंतरराष्ट्रीय लेखा मानक सांगतं. त्यासाठी एका पॉइंटची किंमत धरावी लागते आणि किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत याचाही अंदाज बांधावा लागतो. या न वापरल्या जाणाऱ्या हिश्श्याला त्या धंद्यात ‘ब्रेकेज’ म्हणतात. कार्ड देणाऱ्या बँकाही शिल्लक पॉइंटांपोटी ताळेबंदात तरतूद ठेवतात. म्हणजे तुमच्या १८,४०० पॉइंटांची पैशातली किंमत कुठल्या तरी कोष्टकात लिहिलेली आहे. लेखापरीक्षकाला ती दिसते, तुम्हाला दिसत नाही.

आता हे पैसे येतात कुठून ते पाहू, कारण ‘फुकटच्या गोष्टीवर हक्क कसला सांगता’ या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. कार्ड स्वाइप झालं की दुकानदाराच्या रकमेतून एक वाटा कापला जातो आणि त्यातला मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. पॉइंट मुख्यतः त्यातून येतात, आणि बाकी थकबाकीवाल्यांच्या व्याजातून. दुकानदार तो कापलेला वाटा भावात मिसळतो आणि तो भाव रोख देणाऱ्यालाही लागतो. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये याचा अमेरिकेपुरता अंदाज मांडला होता: रोखीने व्यवहार करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे पाठवतं, आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. पुढे आणखी एका अभ्यासाने कार्डधारकांच्या आतली वाटणी तपासली. अंदाज निघाला की पॉइंटांच्या पायी वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे, गरिबांकडून श्रीमंतांकडे सरकतात. आकड्यांवर वाद घालता येईल, दिशेवर घालणं अवघड आहे.

कुणीतरी भरतंच, हे अमेरिकन टांकसाळीच्या एका योजनेत अगदी उघड दिसलं होतं. एक डॉलरची नाणी लोकांच्या हातात रुळावीत म्हणून टांकसाळीने ती दर्शनी किमतीला घरपोच द्यायला सुरुवात केली, पोस्टाचा खर्चही तिचाच. पॉइंट जमवणाऱ्यांनी हे हेरलं. कार्डावर नाण्यांच्या पेट्या मागवायच्या, न फोडता तशाच बँकेत नेऊन भरायच्या, त्याच पैशातून कार्डाचं बिल फेडायचं. खिशातून काही गेलं नाही, मैल मात्र जमले. नाणी टांकसाळीतून निघून बँकेच्या तिजोरीत बसली, रुळली काहीच नाहीत, आणि वाहतुकीचा नि कार्डाच्या शुल्काचा भार पडला टांकसाळीवर. २०११ मध्ये तिने कार्डावर ही नाणी देणं बंद केलं. हे करणाऱ्यांनी नियम मोडला नव्हता, हुशारीच केली होती. पण ‘फुकट’ मैलांचं बिल कुणाच्या नावावर फाटतं हे इतकं स्वच्छ एरवी दिसत नाही, कारण एरवी ते लाखो दुकानांच्या भावात विरघळलेलं असतं.

मग मुळावरच घाव घालावा का? युरोपीय संघाने २०१५च्या नियमाने तो घातला: बँकेकडे जाणाऱ्या वाट्यावर डेबिट कार्डाला ०.२ आणि क्रेडिट कार्डाला ०.३ टक्क्यांची मर्यादा. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने त्याआधी, २००३ मध्ये, हा वाटा जवळपास अर्ध्यावर आणला. दोन्हीकडे पॉइंट रोडावले, जे अपेक्षितच होतं. रोख देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा न्याय्य रस्ता आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. फक्त वाचलेलं शुल्क दुकानदार भावात किती उतरवतो हा कळीचा प्रश्न आहे आणि त्यावर तिथेही एकमत झालेलं नाही. तो वाद लांबचा आहे. दर उघड करण्याला मात्र तो संपायची वाट पाहायची गरज नाही.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने एक छोटं पाऊल टाकून दाखवलं. तिथे एअर माइल्स या मोठ्या योजनेने पाच वर्षांवरचे मैल २०१६ च्या अखेरीपासून बाद होतील असं आधीच जाहीर केलं होतं. तारीख जवळ आली तशी लोकांची मैल खपवायची धावपळ उडाली आणि संतापही. कंपनीने डिसेंबरच्या सुरुवातीला निर्णय मागे घेतला, आणि त्याच महिन्यात प्रांताने कायदा केला की केवळ मुदत उलटली म्हणून पॉइंट बाद करता येणार नाहीत. चांगला कायदा, पण अर्धा. पॉइंट मारता येत नसतील तर उपाशी ठेवता येतात. मुदत काढून घेतली आणि दर तसाच मोकळा ठेवला, तर १८,४०० हा आकडा कायम राहील, त्यात काय येतं ते आटत जाईल. म्हणून मुदतीपेक्षा दराचा प्रश्न मोठा आहे. अमेरिकेत परिवहन खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये चार मोठ्या विमान कंपन्यांकडून त्यांच्या मैल-योजनांची माहिती मागवली, आणि त्यात नेमकं हेच विचारलं होतं: कमावलेल्या मैलांचं मूल्य तुम्ही कसं कमी करता, भाव कसे लपतात. प्रश्न बरोबर होते. पण विचारणा म्हणजे नियम नव्हे.

नियम फार मोठा नको आहे. शिल्लक पॉइंटांच्या शेजारी एक रक्कम दाखवा: हे सगळे आज, या क्षणी, बिलात वळते केले तर इतके. ‘दर वापरावर अवलंबून आहे’ म्हणता ना, मग सगळ्यात कमी, पण हमखास मिळणारा दर छापा. त्यावर जास्त मिळवणारा मिळवेल, त्याची विद्या कुणी हिरावून घेत नाही. प्रत्येक व्हाउचरखाली, प्रत्येक हेडफोनखाली त्या व्यवहारात पॉइंटला काय भाव पडतो ते लिहा, म्हणजे भागाकार ग्राहकाला करावा लागणार नाही. आणि दर कमी करायचा असेल तर खुशाल करा, पण उद्यापासून कमावलेल्या पॉइंटांचा. आधीच कमावलेले जुन्या दराने सोडवायला पुरेसे महिने द्या. मुदत ठेवीचा व्याजदर बँक नव्या ठेवींसाठी उतरवते, चालू ठेवीच्या मधोमध नाही. पॉइंटांना वेगळा न्याय लावण्याचं एकही पटेल असं कारण मला अजून सापडलेलं नाही.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. दर उघड झाला की सगळे तोच गाठतील, कुणाचेच पॉइंट वाया जाणार नाहीत, आणि मग योजना परवडणार नाही, पॉइंटच कमी मिळतील. हे बहुतांशी खरं आहे. ब्रेकेजवर बेतलेली योजना ब्रेकेज आटली की आखडणारच. पण या आक्षेपाचा अर्थ नीट पाहा. आज जो १.२० काढतो त्याच्या फायद्यातला काही भाग ज्यांनी पॉइंट बुडवले, विसरले, किंवा पाडलेल्या दराने हेडफोन मागवला त्यांच्याकडून येतो, आणि ते अंधारात राहतील तोवरच येत राहील, हे त्यात मान्य केलेलं आहे. मला स्वतःला कमी पॉइंट आणि उघडा दर चालेल. आकडा १८,४०० ऐवजी ९,२०० दिसला तरी त्याच्या पुढे रक्कम लिहिलेली असेल, तर कोणतं कार्ड घ्यावं हे दोन कार्डांच्या रकमा शेजारी ठेवून एका मिनिटात ठरवता येईल. आज ते ठरवता येत नाही. एक कार्ड शंभरामागे दोन पॉइंट देतं, दुसरं पाच, आणि पाचवालं स्वस्तात पडतं की महागात, हे त्या बँकेच्या कोष्टकाखेरीज कुठेच लिहिलेलं नाही.